बहुमत काठावरचं बरं

२०१७ च्या नाताळानंतरच्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या नगरपालिकांच्या कर-खिडक्यांसमोर माणसं चेकबुक घेऊन रांगेत उभी होती. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, पोरांना सुट्टी, आणि आईबाप पुढच्या वर्षाची घरपट्टी आगाऊ भरायला आलेले. घरपट्टी भरायला, तीही आगाऊ, रांग लागलेली मी मिरजेत जन्मात पाहिली नव्हती. ट्रम्प यांनी २२ डिसेंबरला नव्या करकायद्यावर सही केली होती. राज्याचा आयकर आणि घरपट्टी आजवर केंद्राच्या करपात्र उत्पन्नातून वजा होत असे, त्या वजावटीवर या कायद्यानं दहा हजार डॉलरची मर्यादा घातली. इथे सगळे तिला ‘सॉल्ट कॅप’ म्हणतात. घरपट्टी न्यू जर्सीची देशात सर्वांत चढी, तेव्हा राज्याची सरासरीच पावणेनऊ हजारांच्या आसपास होती. दोघं कमावत असतील तर राज्याचा आयकर वेगळाच. १ जानेवारीच्या आत जेवढं भरता येईल तेवढं भरून टाकावं, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी स्वतः रिपब्लिकन, पण त्यांनीच हुकूम काढून नगरपालिकांना आगाऊ रक्कम घ्यायला लावली. लगोलग आयआरएसनं, म्हणजे केंद्राच्या करखात्यानं, खुलासा केला की आकारणीच झालेली नसेल तर आगाऊ भरून वजावट मिळणार नाही. रांगेतली निम्मी माणसं तिथेच फोन काढून आपापल्या अकाउंटंटला विचारायला लागली.

त्यातले बरेच फोन माझ्याकडे आले. मी समरसेट काउंटीत लोकांची रिटर्न भरून देतो. गिऱ्हाइकं बहुतेक आपलीच, पुण्या-नाशिकची, बडोद्याची, हैदराबादची. जोडीला शेजारचे दोन-चार इटालियन आजोबा. “काका, भरून टाकू का?” हा एकच प्रश्न. राजकारणाचं नाव काढलं की विषय बदलणारी ही माणसं त्या आठवड्यात पहिल्यांदा विचारू लागली, “पण आपला खासदार कोण आहे हो?”

खासदार होते लेनर्ड लान्स. आमचा सातवा मतदारसंघ, ट्रम्प यांचा बेडमिन्स्टरचा गोल्फ क्लबही याच मतदारसंघात येतो. लान्स रिपब्लिकन असूनही त्यांनी या कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं. न्यू जर्सीच्या पाच रिपब्लिकन खासदारांपैकी चौघांनी विरोधात मत दिलं. बाजूनं दिलं ते एकट्या टॉम मॅकआर्थर यांनी. अकरा महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०१८ ला, मध्यावधी निवडणूक झाली. मॅकआर्थर पडले, ते ठीकच. पण लान्सही पडले. चौघांपैकी दोघांनी आधीच निवृत्ती घेतली होती, त्यांच्या जागाही गेल्या. राज्याच्या बारा जागांपैकी अकरा डेमोक्रॅटांकडे, आणि उरले एकटे ख्रिस स्मिथ.

लान्स यांचा गुन्हा काय होता? काही नाही. आपल्याकडे सरकार गडगडलं की मध्यावधी लागते. अमेरिकेत ती दर चार वर्षांनी, अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या बरोबर मधोमध, ठरलेलीच असते. प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या एक तृतीयांश जागा मतदानाला येतात. अध्यक्षाची खुर्ची त्यात नसते, आणि नेमकं तिच्यावरच सगळे मतदान करतात. दुसऱ्या महायुद्धानंतर १९९८ आणि २००२ सोडले तर प्रत्येक मध्यावधीत अध्यक्षाच्या पक्षानं प्रतिनिधीगृहातल्या जागा गमावल्या आहेत. क्लिंटन यांनी १९९४ मध्ये ५४, ओबामांनी २०१० मध्ये ६३, ट्रम्प यांनी २०१८ मध्ये ४०. वरच्या माणसावरचा राग लान्ससारख्यांच्या अंगावर निघतो. पात्र मतदारांपैकी जवळपास निम्मे त्या वर्षी मतदानाला बाहेर पडले; मध्यावधीला एवढी गर्दी १९१४ नंतर झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मिरजेहून धाकट्या भावाचा फोन. तिकडच्या वाहिन्यांवर ‘ट्रम्प यांना जबर धक्का’ चालू होतं. “दादा, मग आता ट्रम्प जाणार?” म्हटलं, कुठे जातोय, सिनेटमध्ये त्याच्या पक्षाच्या दोन जागा वाढल्यात. “मग धक्का कसला?” हा त्याचा प्रश्न वाहिन्यांपेक्षा शहाणा होता. सभागृह फिरलं की देशाचं राजकारण फिरतं, असं दर वेळी लिहिलं जातं. माझ्या टेबलावरून बघितलं तर काय फिरतं आणि काय जागचं हलत नाही, याचा हिशेब बराच वेगळा दिसतो.

पहिली गोष्ट फिरते ती पैशाची पेटी. २२ डिसेंबर २०१८ पासून सरकारी कामकाज ठप्प होतं, कारण ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवे होते. ३ जानेवारीला नॅन्सी पेलोसी सभापतीच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी भिंतीला पैसे द्यायचे नाकारले. कामकाज ३५ दिवस बंद राहिलं. माझा हंगाम तोंडावर आणि आयआरएसचे फोन कुणी उचलत नव्हतं. २५ जानेवारीला बिनपगारी राबणारे हवाई वाहतूक नियंत्रक कमी पडले, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला येणारी विमानं रोखली गेली, आमच्या नेवार्कलाही उड्डाणं रखडली. त्याच दिवशी दुपारी ट्रम्प यांनी माघार घेतली. नकार देण्याची ही ताकद मध्यावधीनं दिलेली.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची, पण तिच्याकडे बातम्यांचं लक्ष कमी. सभागृह फिरलं की प्रत्येक समितीचा अध्यक्ष बदलतो. साक्षीला कुणाला बोलवायचं, कुठली कागदपत्रं मागायची, हे तो ठरवतो. माझ्या धंद्यातलं उदाहरण सांगतो, कारण ते मी रोज सकाळी चहासोबत वाचत होतो. करविषयक कामकाज बघणाऱ्या वेज अँड मीन्स समितीचे नवे अध्यक्ष रिचर्ड नील यांनी ३ एप्रिल २०१९ ला पत्र लिहून ट्रम्प यांची टॅक्स रिटर्न मागितली. आधार होता १९२४ मधल्या कायद्याचा. तो म्हणतो की या समितीच्या अध्यक्षानं लेखी मागणी केली तर कुणाचंही रिटर्न खात्यानं द्यावं. ‘देता येईल’ असं नाही, ‘द्यावं’. तरी अर्थखात्यानं नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं, एक निवडणूक झाली, अध्यक्ष बदलला, अपिलं चालूच. अखेर २२ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं अडवायला नकार दिला, महिनाअखेर कागद समितीच्या हाती आले. पण तोवर दुसरी मध्यावधी होऊन गेली होती आणि त्यात डेमोक्रॅटांनी सभागृह गमावलं होतं. ३ जानेवारीला खुर्ची जाणार. समितीनं २० डिसेंबरला मतदान घेतलं आणि ३० डिसेंबरला रिटर्न जाहीर करून टाकली. आणखी चार दिवस गेले असते तर ते गठ्ठे कपाटातच राहिले असते.

त्यांत काय होतं? २०१७ चा केंद्रीय आयकर ७५० डॉलर, २०२० चा शून्य. न्यू जर्सीत गाडीत पेट्रोल स्वतः भरायला कायद्यानं मनाई आहे, पंपावरचा पोरगा भरून देतो. तो पोरगा माझ्याकडे रिटर्न भरतो आणि त्याचा आकडा यापेक्षा मोठा असतो. पण अकाउंटंट म्हणून मला धक्का बसला तो वेगळ्याच ओळीनं. अध्यक्षाच्या रिटर्नची तपासणी आयआरएसनं दर वर्षी करायचीच असा खात्याचा नियम आहे. समितीला आढळलं की ट्रम्प सत्तेवर आल्यापासून ती झालीच नव्हती. पहिली तपासणी सुरू झाली ती ३ एप्रिल २०१९ ला. नील यांचं पत्र गेलं त्याच दिवशी. मध्यावधीनं काय दिलं असं मला कुणी विचारलं तर मी ही तारीख सांगतो. एका समितीचा अध्यक्ष बदलला आणि एका झोपलेल्या खात्यानं त्या दिवशी फाइल उघडली.

आता काय हलत नाही ते. कायदा. २०१९ च्या हंगामात समोर बसलेला प्रत्येक जण विचारत होता, “काका, आता डेमोक्रॅट आलेत, दहा हजारांची अट जाणार ना?” सभागृहानं त्यासाठी विधेयक मंजूर केलं, १९ डिसेंबर २०१९ ला, २१८ विरुद्ध २०६. आदल्याच दिवशी याच सभागृहानं ट्रम्प यांच्यावर महाभियोग मंजूर केला होता, तेव्हा आमच्या सॉल्टची बातमी कुठल्या पानात गेली ते विचारू नका. महाभियोग सिनेटमध्ये जाऊन ५ फेब्रुवारीला फेटाळला गेला. सॉल्टचं विधेयक तर सिनेटनं चर्चेलाही घेतलं नाही. जाता जाता: २०१८ च्या लाटेत दक्षिण न्यू जर्सीतून निवडून आलेले जेफ व्हॅन ड्रू महाभियोगावरून डेमोक्रॅट पक्ष सोडून थेट ट्रम्प यांच्या शेजारी जाऊन बसले. पुढे निवडूनही आले. आयाराम-गयाराम फक्त आपल्याकडेच असतात असं समजू नये.

ग्रीन कार्डाचंही तेच. कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त कार्डं नाहीत, हा १९९० च्या कायद्यातला नियम. भारतीयांची रांग त्यामुळेच संपत नाही. डेमोक्रॅटांच्या ताब्यातल्या प्रतिनिधीगृहानं १० जुलै २०१९ ला नोकरीवरच्या कार्डांपुरता तो नियम काढायचं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ असं दणदणीत मंजूर केलं. दोन्ही पक्षांची मतं! आमच्या गणपतीच्या मंडपात त्या वर्षी आरतीनंतर दुसरा विषयच नव्हता. रिपब्लिकन सिनेटनंही डिसेंबर २०२० मध्ये एकमतानं मंजुरी दिली, फक्त मसुदा वेगळा. दोन मसुद्यांचा मेळ बसायच्या आत मुदत संपली, नवी काँग्रेस आली आणि दोन्ही कागद रद्दीत. तेव्हा शाळेत असलेली त्या घरांतली मुलं आता एकवीस ओलांडून आईबापांच्या अर्जातून बाहेर पडली आहेत.

मग सॉल्टची मर्यादा हलली कधी? ही गोष्ट मला सर्वांत बोधक वाटते आणि ती कुठल्याच पक्षाच्या प्रचाराला सोयीची नाही. २०२१ मध्ये व्हाइट हाउस, सिनेट, प्रतिनिधीगृह तिन्ही डेमोक्रॅटांकडे होतं. आमच्याकडच्या जॉश गॉटहायमर आणि मिकी शेरिल यांनी न्यूयॉर्कच्या टॉम स्वोझी यांच्यासोबत पक्षाला बजावलं होतं की सॉल्ट नाही तर करार नाही. त्यांच्या हट्टामुळे प्रतिनिधीगृहाच्या विधेयकात मर्यादा ऐंशी हजारांवर गेली. सिनेटमध्ये ५०-५०, तिथे वेस्ट व्हर्जिनियाच्या जो मँचिन या एका डेमोक्रॅटानं सगळं विधेयकच बुडवलं. २०२२ च्या मध्यावधीत आमचा सातवा मतदारसंघ पुन्हा फिरला. सीमा नव्यानं आखल्यानं तो रिपब्लिकनांकडे थोडा झुकला होताच. लान्सना हरवणारे टॉम मलिनोव्स्की हरले आणि टॉम केन ज्युनियर आले. माजी गव्हर्नरांचे चिरंजीव. घराणेशाहीवर आम्ही तिकडून इकडे येऊन बोलण्यात अर्थ नाही.

देशभरात रिपब्लिकनांना मिळाल्या २२२ जागा, बहुमताला हव्यात २१८. विश्लेषक म्हणाले, लाट आलीच नाही. मला तो चारचा फरक लाटेपेक्षा महत्त्वाचा वाटला. आधी त्याची वाईट बाजू दिसली. केविन मॅकार्थी यांना सभापती व्हायला पंधरा फेऱ्या लागल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२३ ला त्यांच्याच पक्षाच्या आठ जणांनी विरोधकांबरोबर मत देऊन त्यांना खाली खेचलं. मग २०२४ आलं, ट्रम्प परतले, बहुमत आणखी पातळ झालं, २२०-२१५. आणि २०२५ च्या वसंतात ट्रम्प यांचं मोठं करविधेयक आलं तेव्हा न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातले पाच रिपब्लिकन खासदार अडून बसले. केन त्यांतले एक. तीस हजारांची मर्यादा देऊ केली, त्यांनी नाकारली. चाळीस हजारांवर तडजोड झाली, आणि विधेयक प्रतिनिधीगृहातून एका मतानं निघालं, २१५-२१४. ४ जुलैला कायदा झाला. ज्या पक्षानं दहा हजारांची अट घातली त्याच पक्षाच्या हातून ती सैल झाली. डेमोक्रॅटांना सभागृह मिळालं तेव्हा नाही, तिन्ही किल्ल्या होत्या तेव्हाही नाही. सत्ताधारी पक्षाचं बहुमत इतकं बारीक झालं की पाच माणसांशिवाय पान हलेना, तेव्हा.

हे भारतात होऊ शकत नाही, आणि त्याचं कारण महाराष्ट्राला २०२२ पासून समजावून सांगायची गरज उरलेली नाही. आपल्याकडे व्हिप मोडला की दहाव्या परिशिष्टानुसार आमदारकी-खासदारकी जाते. म्हणून अडून बसायचं तर पक्षच फोडावा लागतो, हॉटेलं बुक करावी लागतात. इथला खासदार पक्षाविरुद्ध मत देऊन संध्याकाळी त्याच पक्षाच्या जेवणाला जातो. फार तर पुढच्या वेळी पक्षांतर्गत निवडणुकीत त्याला घरचा विरोधक भेटतो. या मोकळीकीमुळेच इथे काठावरच्या बहुमताला अर्थ आहे, आणि म्हणूनच मी निवडणुकीच्या रात्री कोण जिंकलं यापेक्षा २१८ च्या वर किती, हे आधी बघतो.

याचा अर्थ हे न्याय्य आहे असा नाही. सॉल्टची अट सैल करणाऱ्या त्याच कायद्यानं मेडिकेडला, गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याला, मोठी कात्री लावली. आमच्या घरमालकांसाठी अडून बसणारे पाच जण होते. मेडिकेडवाल्यांसाठी शेवटपर्यंत अडून बसणारे पुरेसे कुणी निघाले नाहीत. मायदेशी पैसे पाठवण्यावरचा कर मात्र याच ओढाताणीत खाली आला. मसुद्यात पाच टक्के होता, मग साडेतीन झाला, आणि शेवटी एक टक्का, तोही फक्त रोख किंवा मनीऑर्डरसारख्या मार्गानं पाठवणाऱ्यांना. बँक खात्यातून आईच्या औषधाला पैसे पाठवणारा सुटला. त्या मे महिन्यात मात्र मला रात्री अकराला फोन येत होते, “काका, वर्षाचे सगळे आत्ताच पाठवून टाकू का?” रांगेची सवय जात नाही.

२०२६ च्या मध्यावधीचं मतदान ३ नोव्हेंबरला. प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांकडे गेलं तर एच-वन-बी व्हिसावरची एक लाख डॉलरची फी जाईल का, हे मला आताच विचारलं जातंय. नाही जाणार. ती सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्षांच्या घोषणेनं आली. सभागृह अधिकाऱ्यांना बोलावून घाम फोडू शकतं, रद्द करायला कायदा लागेल आणि त्यावर ट्रम्प यांची सही लागेल. महाभियोगाचीही तीच गत. बेळगावात वाढलेले आणि मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार मिशिगनमधून खासदार झाले ते २०२२ च्या निवडणुकीत, म्हणजे नेमके पक्षाचं बहुमत गेलं तेव्हा. त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची कलमं दाखल केली. मतदानाला लावायची वेळ आली तेव्हा स्वतःच्याच पक्षातून पाठिंबा नव्हता, मागे घ्यावी लागली. अल्पमतातल्या सदस्याकडे कागद असतो, समितीची खुर्ची नसते. ती खुर्ची पक्षाकडे आली तर नील यांच्या पत्रासारखी पत्रं जातील, आणि त्यातलं एखादं चार वर्षांनी फळ देईल.

सॉल्टचं पुढं काय? वाढीव मर्यादा २०२९ पर्यंतच आहे, वर्षाला एक टक्का वाढत. २०३० ला ती पुन्हा दहा हजारांवर येते. पाच लाखांवर उत्पन्न गेलं तर आधीच कमी होऊ लागते. म्हणजे २०२८ ला निवडून येणाऱ्या काँग्रेसला हा विषय पुन्हा हातात घ्यावा लागेल, आणि तेव्हा बहुमत जाड असेल का बारीक, हे आज कुणी सांगू शकत नाही. घर घ्यायला निघालेली पोरं माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना दोन्ही हिशेब मांडून देतो, चाळीस हजारांचा आणि दहा हजारांचा, आणि हप्ता दुसऱ्या हिशेबात झेपतो का ते बघा म्हणतो.